चेहऱ्यावरून नातं जोडू नकोस

इंग्रजी येतंय म्हणजे जर्मन अर्धं आलंच, असं तुला वाटतंय ना? मग आधी हे ऐक, बाळा. जर्मनीत बाटलीवर ‘गिफ्ट’ लिहिलेलं दिसलं तर हात लावू नकोस. तिथे गिफ्ट म्हणजे विष. तरी इंग्रजी गिफ्टचा तो सख्खा भाऊच. दोघंही ‘देणं’ या एकाच धातूचे. ग्रीक ‘डोसिस’चाही अर्थ देणंच, मग औषधाची मात्रा. त्याच वाटेने जर्मन शब्द विषापर्यंत पोचला. जुना अर्थ ‘मिटगिफ्ट’मध्ये उरलाय: हुंडा.

म्हणून सारखा शब्द भेटला की ‘तू कुठून आलास’ एवढ्यावर थांबू नकोस, ‘मग कुठे राहिलास’ हेही विचार. इंग्रजी ‘टाउन’ आणि जर्मन ‘त्साउन’ घे. मूळ अर्थ कुंपण, कुंपणातली जागा. जर्मनांनी कुंपणच ठेवलं, इंग्रजांनी आतली वस्ती, आणि डचांनी त्याच शब्दाने बाग म्हटली. तुला हे परकं वाटायला नको. संस्कृत ‘वाट’ म्हणजे कुंपण घातलेली जागा, आणि आपल्या कोकणात वाडी म्हणजे नारळी-पोफळीची बागही, वस्तीही.

आता माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट. नातं दिसण्यावरून ठरत नाही, ध्वनींच्या नेमावरून ठरतं. इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीचा ट जर्मनमध्ये बहुधा त्स होतो: टेन-त्सेन, टंग-त्सुंगे. हा नेम मनात पक्का कर, शेकडो शब्द आपोआप उलगडतील.

उलट लॅटिन ‘हाबेरे’ आणि जर्मन ‘हाबेन’ बघ. दोन्हींचा अर्थ ‘जवळ असणं’, रूप जुळ्यांसारखं, पण नातं नाही. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने 1822 साली मांडलेल्या नेमाप्रमाणे लॅटिन क च्या जागी जर्मनमध्ये ह येतो: लॅटिन ‘केंटुम’, जर्मन ‘हुंडर्ट’, दोन्ही म्हणजे शंभर. त्यामुळे हाबेनचा खरा भाऊबंद लॅटिन ‘कापेरे’, म्हणजे पकडणं. लॅटिन ह ला मात्र जर्मनमध्ये ग भेटतो.

आणि वहीत शब्द सुटा लिहू नकोस, लिंगासकट, वाक्यासकट लिही. ‘डेर झे’ म्हणजे तळं, ‘डी झे’ म्हणजे समुद्र. पहिल्या पानावर ‘गास्ट’ लिही: पाहुणा. शेजारी त्याचा लॅटिन भाऊ ‘होस्टिस’: शत्रू. मधे दोघांचा जुना अर्थ लिही: परका माणूस.