३६० कंपनांचं घड्याळ

आत्याच्या कपाटातून आतोबांचं एक मनगटी घड्याळ माझ्याकडे आलं. साठच्या दशकात ते अमेरिकेत शिकत होते, तिथलं. डायलवर ‘बुलोवा अॅक्युट्रॉन’ अशी अक्षरं, आणि काटे कधीचे थांबलेले. ते पुन्हा चालू करण्याच्या नादात जे उमगलं, ते असं.

१. जुनं घड्याळ ओळखायचं तर त्यात काय नाही, ते आधी बघावं. याला बाजूला चावीच नव्हती. सगळी कड बोटाने चाचपली, कुठे काही लागेना. मग पाठीला बिलगून बसलेली एक चपटी कडी दिसली. ती उचलून फिरवली की काटे फिरतात. अॅक्युट्रॉनच्या पहिल्या, २१४ क्रमांकाच्या यंत्राची ही खूण. घड्याळ सेलवर चालतं, रोज किल्ली द्यायची नाही, मग बाजूला बोंड हवंच कशाला, असा त्यामागचा रोकडा विचार. मागच्या झाकणावर बारीक ठशात ‘एम ४’ होतं. बुलोवाच्या रीतीत एम म्हणजे साठचं दशक आणि आकडा त्यातल्या वर्षाचा, म्हणजे १९६४. आतोबा त्या वर्षी तिकडे होते हे घरात नुसतं ऐकलं होतं. त्या दोन खुणांनी त्याला साक्ष दिली.

२. काही घड्याळं डोळ्यांपेक्षा कानांनी लवकर कळतात. सेल घातल्यावर हे टिकटिकलं नाही, गुणगुणलं. नेहमीच्या घड्याळात मागेपुढे डोलणारं चाक वेळ मोजतं. मॅक्स हेट्झेल या स्विस अभियंत्याने त्याच्या जागी चक्क नादकाटा बसवला. शाळेच्या प्रयोगशाळेत रबरावर आपटून कानाशी धरायचो तोच, फक्त बोटाच्या पेराएवढा. दोन इवलीशी वेटोळी आणि एक ट्रान्झिस्टर त्याला सेकंदाला ३६० वेळा कंपत ठेवतात. १९६० साली हे घड्याळ बाजारात आलं तेव्हा महिन्याला एका मिनिटापेक्षा जास्त चूक होणार नाही अशी हमी होती. त्या काळी मनगटावरच्या घड्याळाबद्दल असं बोलणं म्हणजे मोठंच धाडस. मी हार्मोनिअम काढून तो स्वर शोधला. पांढरी चार लावली तर घड्याळ चढं वाटलं, काळी तीन लावली तर उतरलेलं. ३६० हा आकडा या दोन पट्ट्यांच्या बरोबर मधोमध पडतो. लाकडी टेबलावर ठेवलं की टेबलही सुरात येतं, आणि सेकंदकाटा धक्के न खाता सरकत राहतो. तो बघत बसायला मला आजही आवडतं.

३. बिघाड वस्तूतच असतो असं नाही. सुरू झालेलं हे घड्याळ दुपटीने पळायला लागलं. तासाभरात काटे दोन तासांचं अंतर कापत. एका दुकानात सल्ला मिळाला की यंत्र संपलंय, आतलं सगळं काढून क्वार्ट्झ बसवा. मला ते पटेना. संपलेलं यंत्र अडखळेल, थांबेल. इतक्या नेमाने दुप्पट कसं धावेल? उत्तर सेलमध्ये होतं. हे घड्याळ पाऱ्याच्या सेलसाठी बनलं, आणि तो सेल १.३५ व्होल्ट देतो. पारा विषारी, म्हणून ते सेल बाजारातून गेले, आणि ते योग्यच झालं. आज त्या जागी बसणारा सिल्व्हर ऑक्साइडचा सेल १.५५ व्होल्ट देतो. फरक ०.२ व्होल्टचा, पण त्याने नादकाटा जरा जास्त झुलतो. नादकाट्याला जोडलेला सूक्ष्म खडा दर कंपनाला चाकाचा एक दात ओढतो. झोका वाढला की तो दोन दात ओढतो, आणि वेग दुप्पट होतो. एका मित्राकडे व्होल्टेज कमीजास्त करता येणारा पॉवर सप्लाय होता. त्यावर लावून व्होल्टेज हळूहळू १.३५ वर आणलं, तर सेकंदकाटा फोनच्या घड्याळाबरोबर चालू लागला. घड्याळ बिघडलेलं नव्हतंच. त्याला हवी ती वीज तेवढी जगातून नाहीशी झाली होती. खड्यांची जुळणी नव्या सेलप्रमाणे बदलता येते, पण मी व्होल्टेज खाली आणणारा बारीक डायोड सेलसोबत बसवून घेतला. यंत्राने आपल्याशी जुळवून घ्यावं, यापेक्षा आपण त्याची सोय करावी हे मला जास्त रास्त वाटलं.

४. हात कुठे लावायचा नाही, हे ज्याला कळतं तो खरा कारागीर. खडा ज्या चाकाचे दात ओढतो ते सुमारे अडीच मिलिमीटरचं, आणि त्याच्या कडेला ३०० दात. साध्या नजरेला ती कड गुळगुळीत दिसते. वेटोळ्यांची तार केसाहून बारीक, चिमटा नुसता निसटला तरी तुटते. ज्या वृद्ध कारागिरांनी हे काम केलं त्यांनी भिंग लावून बराच वेळ नुसतं पाहिलं. मल्टिमीटरने वेटोळी शाबूत असल्याची खात्री केली, चाकांचं सुकलेलं तेल काढलं आणि त्या ३०० दातांना स्पर्शही केला नाही. वेटोळं तुटलं तर नवं मिळणं अवघड. बहुतेकदा ते दुसऱ्या अॅक्युट्रॉनमधून काढावं लागतं. हेही त्यांनीच सांगितलं.

५. दुर्मीळ दिसण्यासाठी चांगल्या घड्याळाचा बळी देऊ नये. दुकानदारांना आतला नादकाटा दाखवता यावा म्हणून बुलोवाने बिनडायलचे नमुने दिले होते. गिऱ्हाइकं तेच मागू लागली आणि ‘स्पेसव्ह्यू’ जन्माला आलं. आज त्याला भाव आहे, म्हणून साध्या अॅक्युट्रॉनची डायल काढून तसं रूप देणारे पुष्कळ. मलाही दोघातिघांनी सुचवलं. आतला नादकाटा दिसायला खरोखर देखणा आहे, त्यांचा मोह मला समजतो. पण कारखान्यातून निघालेलं स्पेसव्ह्यू ही एक गोष्ट आणि डायल काढलेलं घड्याळ ही दुसरी. पुढे कोणी हे उघडून ओळखायला बसलं, तर झाकणावरचा ठसा एक सांगेल आणि चेहरा दुसरं. या घड्याळाची मूळ डायल सहाच्या खाली पिवळट झाली आहे. कारागिरांनी विचारलं, रंगवून देऊ का? मी नको म्हटलं, आणि तेही लगेच म्हणाले, “बरं केलंत.”