मत्स्यालयातील हिरवा गालिचा

मत्स्यालयाचे सामान विकणाऱ्या दुकानात पाण्याच्या तळाशी बसलेले मखमली हिरवे चेंडू तुम्ही पाहिले असतील. दुकानदार त्यांना 'मॉस बॉल' म्हणतो. परंतु हे मॉस नव्हे. मॉसला इवलीशी पाने असतात. या चेंडूतील एखादा तंतू चिमट्याने सोडवून भिंगाखाली धरा. पान नाही, खोड नाही. नुसता फाटे फुटलेला हिरवा धागा! हे एक शैवाल आहे. त्याचे शास्त्रीय नाव एगाग्रोपिला लिनेई. जपानमध्ये त्याला 'मारिमो' म्हणतात.

चेंडू कसा बनतो?

जपानच्या होक्काइडो बेटावरील आकान सरोवर मारिमोसाठी प्रसिद्ध आहे. तेथे 20 ते 30 सेंटिमीटर व्यासाचे चेंडूही आढळतात. या चेंडूच्या पोटात बी किंवा खडा नसतो. लाटा तळाशी पोहोचतात आणि तंतूंचे पुंजके हलकेच गडगडत राहतात. त्यामुळे सर्व बाजूंना आळीपाळीने प्रकाश मिळतो आणि वाढ चहूकडे सारखी होते. लाडू वळताना आपण हात फिरवतो ना, तसेच हे.

मग लाटा नसतील तर? तर हेच शैवाल दगडाला चिकटून वाढते किंवा सुट्या तंतूंच्या रूपाने पाण्यात राहते. म्हणजे चेंडू हे त्याचे एकच रूप झाले. मत्स्यालयात त्याचा गालिचा करता येतो, तो याच कारणाने.

गालिचा करू या

प्रथम थोडे गणित. 5 सेंटिमीटर व्यासाच्या चेंडूचे घनफळ सुमारे 65 घन सेंटिमीटर भरते. त्याचा अर्धा सेंटिमीटर जाडीचा थर पसरला, तर सुमारे 130 चौरस सेंटिमीटर जागा झाकेल. म्हणजे साधारण पोस्टकार्डाएवढी! नेमका किती थर होईल हे चेंडू किती घट्ट आहे यावर अवलंबून राहील.

नळाचे पाणी एका भांड्यात दिवसभर उघडे ठेवा. त्यातील क्लोरीन निघून जाईल. त्या पाण्यात चेंडू स्पंजासारखा हलक्या हाताने पिळून धुवा. कात्रीने तो मध्यापर्यंत कापून उलगडा. आतले तंतूही हिरवेच दिसतील. प्रकाश मिळताच ते कामाला लागतात. हा थर सपाट दगडावर किंवा प्लॅस्टिकच्या जाळीवर पसरून दोऱ्याने बांधा. थर जाड ठेवू नका, नाहीतर खालचे तंतू अंधारात कुजतील. तंतूंत गाळ अडकतो, म्हणून अधूनमधून जाळी बाहेर काढून धुवा. चेंडूच ठेवायचा असेल, तर आठवड्यातून एकदा तो फिरवा. पेटीत लाटांचे काम तुम्हालाच केले पाहिजे!

हे थंड पाण्याचे शैवाल आहे. पाणी 25 अंश सेल्सिअसच्या वर फार काळ राहू देऊ नका. आपल्याकडील उन्हाळ्यात पेटी घरातल्या सर्वांत गार जागी, उन्हापासून दूर ठेवावी. मंद प्रकाश त्याला पुरतो. घाई मात्र करू नका. चेंडूचा व्यास वर्षाला जेमतेम 5 मिलिमीटर वाढतो!

प्रयोग करून पाहा

एक चेंडू काचेच्या बरणीत घालून रात्रभर अंधारात ठेवा. सकाळी त्यावर दिव्याचा प्रखर प्रकाश पाडा. बरणी तापू देऊ नका. थोड्या वेळाने तंतूंवर बारीक बुडबुडे दिसतील. हा प्रकाशसंश्लेषणात तयार झालेला प्राणवायू. बुडबुडे पुरेसे साठले, की चेंडू वर तरंगू लागतो. 2018 मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टल विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी रसायन वापरून प्रकाशसंश्लेषण थांबविले, तेव्हा चेंडू तरंगलेच नाहीत. गालिचा दोऱ्याने का बांधायचा, हे आता तुमच्या लक्षात आले असेल.

एक धोक्याची सूचना

2021 च्या मार्चमध्ये अमेरिकेतील दुकानांत विकल्या जाणाऱ्या अशा चेंडूंत झेब्रा शिंपले सापडले. नखाएवढा हा प्राणी जलवाहिन्यांत दाटी करून त्या तुंबवतो. आपल्या नद्या-तळी व्यापणारी जलपर्णीदेखील शोभेची वनस्पती म्हणूनच या देशात आली होती, हे विसरू नका. म्हणून नवा चेंडू आणला, की तो उलगडून भिंगाने तपासा. नकोसा झालेला चेंडू किंवा पेटीतील पाणी ओढ्यात अथवा तळ्यात टाकू नका. चेंडू मिनिटभर उकळून मगच फेकावा.

मारिमोला जपानने 1952 मध्ये विशेष नैसर्गिक स्मारकाचा दर्जा दिला; आकान सरोवरातून तो उचलून नेण्यास बंदी आहे. आइसलँडच्या मिवात्न सरोवरात तर पूर्वी चेंडूंचे थरच्या थर असत. पाण्यात पोषकद्रव्ये वाढली, इतर सूक्ष्मजीव माजले, तळाशी पोहोचणारा प्रकाश कमी झाला आणि चेंडूंची वसाहत मोडली. तेव्हा आपल्या पेटीतला पोस्टकार्डाएवढा गालिचा जपा. तो कित्येक वर्षांच्या वाढीचे फळ आहे.