लिनक्सवरचे गेम : शोधण्याआधी तपासण्याच्या गोष्टी

लिनक्सवर खेळता येणारे गेम तीन वाटांनी येतात. काही मुळातच मुक्तस्रोत असतात आणि डिस्ट्रोच्या, म्हणजे आपण बसवलेल्या लिनक्सच्या प्रकाराच्या, सॉफ्टवेअर भांडारातून फुकट मिळतात. काही कंपन्या लिनक्ससाठी वेगळी आवृत्ती बांधून विकतात. तिसरी वाट आज सर्वांत रुंद आहे: गेम विंडोजचाच, पण मध्ये एक दुभाषी थर बसवून तो लिनक्सवर चालवायचा. नवखा माणूस फसतो तो एका वाटेचा नियम दुसरीला लावल्यामुळे. प्रस्तुत लेखक तिन्ही वाटांवर ठेचकाळला आहे.

गेम निवडण्याआधी ग्राफिक्स ड्रायव्हर तपासावा. तो नीट बसलेला नसेल तर चित्र काढण्याचे काम प्रोसेसरच्या गळ्यात पडते आणि साधा रेसिंगचा गेमही स्लाइड-शोसारखा सरकतो. दोष मात्र गेमला दिला जातो. इंटेल आणि एएमडीच्या बहुतेक कार्डांना लागणारा मेसा ड्रायव्हर डिस्ट्रोबरोबरच येतो, वेगळे काही करावे लागत नाही. ज्या कार्डांना कंपनीचा बंदिस्त ड्रायव्हर लागतो, त्यांच्यासाठीही तो डिस्ट्रोच्या भांडारातूनच घ्यावा. लेखकाने विंडोजच्या सवयीने तो कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून हाताने बसवला. पंधरा दिवस सगळे सुरळीत होते. मग कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, अपडेट आले, ड्रायव्हर जुन्याच कर्नलला धरून राहिला, आणि मशीन सुरू केल्यावर काळ्या पडद्यावर नुसता कर्सर लुकलुकत बसला.

मुक्तस्रोत गेममध्ये कचरा पुष्कळ आहे, पण निवडक चार-पाच उत्तम आहेत. ‘बॅटल फॉर वेस्नॉथ’ 2003 पासून चालू असलेला, पाळीपाळीने खेळायचा युद्धाचा गेम. जुन्या लॅपटॉपवरही तो कुरकुर न करता चालतो. ‘सुपरटक्सकार्ट’ हा शर्यतीचा गेम घरातल्या मुलांसाठी. ‘झिरो ए.डी.’ मध्ये प्राचीन साम्राज्ये उभारायची असतात. त्यात मौर्यही आहेत, हत्तींसकट, आणि नायकांमध्ये चंद्रगुप्त, अशोक व चाणक्य आहेत. ‘ओपन-टीटीडी’ हा 1995 च्या ‘ट्रान्सपोर्ट टायकून डिलक्स’चा नव्याने लिहिलेला अवतार. रेल्वेचे सिग्नल लावता लावता यात रात्रीचे दोन कधी वाजतात कळत नाही, हा इशारा वेगळा.

या वाटेवर दोन खड्डे आहेत. पहिला आवृत्तीचा. डेबियनसारखी स्थिर डिस्ट्रो सॉफ्टवेअरची आवृत्ती गोठवून ठेवते. एकट्याने खेळताना त्याने बिघडत नाही, पण ऑनलाइन खेळायचे तर दोन्हीकडची आवृत्ती जुळावी लागते. भांडारातला ‘झिरो ए.डी.’ बसवून मित्राची वाट पाहणाऱ्याला मित्र दिसतच नाही, कारण मित्राकडे नवी आवृत्ती असते. अशा गेमसाठी फ्लॅटहब या सर्व डिस्ट्रोंसाठीच्या सामायिक भांडारातले फ्लॅटपॅक पॅकेज घ्यावे, तिथे नवी आवृत्ती मिळते. दुसरा खड्डा इंजिनाचा. ‘ओपन-एमडब्ल्यू’ मुक्तस्रोत आहे, पण ते ‘मॉरोविंड’ या 2002 च्या गेमचे फक्त इंजिन. चित्रे, आवाज, कथा या सगळ्यांसाठी मूळ गेम विकतच घ्यावा लागतो. ‘ओपन-टीटीडी’ला 2010 च्या 1.0 आवृत्तीपासून ती गरज उरली नाही, कारण त्याच्यासाठी चित्रांचा मुक्त संच तयार झाला. वर्णनात ‘इंजिन’ शब्द दिसला की ‘डेटा फाइल कुठून आणायच्या’ हे आधी वाचावे.

लिनक्ससाठी बांधून विकलेल्या गेमचा इतिहास जुना आणि थोडा करुण आहे. लोकी सॉफ्टवेअर या कंपनीने 1998 पासून तो धंदा करून पाहिला आणि 2002 मध्ये गाशा गुंडाळला. 2013 मध्ये स्टीम हे गेमचे ऑनलाइन दुकान लिनक्सवर आले तेव्हा पुन्हा उत्साह आला. पण दुकानातले ‘लिनक्ससाठी उपलब्ध’ हे चिन्ह कायमचे वचन नसते. ‘रॉकेट लीग’ने 2020 मध्ये लिनक्सचा पाठिंबा काढून घेतला. आणखी एक विचित्र प्रकार असा की, काही जुन्या लिनक्स आवृत्त्यांकडे वर्षानुवर्षे कोणी पाहिलेले नसते आणि त्याच गेमची विंडोज आवृत्ती दुभाष्यामार्फत जास्त चांगली चालते. स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमधल्या कम्पॅटिबिलिटीत जाऊन तसा बदल करता येतो.

हा दुभाषी म्हणजे प्रोटॉन. 1993 मध्ये सुरू झालेल्या वाइन प्रकल्पावर तो उभा आहे आणि स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने तो ऑगस्ट 2018 मध्ये आणला. विंडोजचे डायरेक्ट-थ्रीडी हे ग्राफिक्सचे आदेश तो लिनक्सला समजणाऱ्या व्हल्कनच्या भाषेत फिरवतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये काढलेल्या ‘राजी’सारखा गेमही लिनक्सवर खेळायचा तो याच वाटेने. कोणता गेम कसा चालतो याच्या खेळाडूंनी दिलेल्या नोंदी प्रोटॉनडीबीवर मिळतात. तिथले प्लॅटिनम, गोल्ड हे शिक्के पाहून थांबू नये. खालच्या नोंदी उघडून आपल्याच कंपनीचे कार्ड असलेल्या माणसाचे गेल्या काही महिन्यांतले म्हणणे शोधावे. तीन वर्षांपूर्वीच्या प्लॅटिनमला आज किंमत नाही.

एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांसाठी एक खास सापळा आहे. विंडोजच्या डिस्कवर गेम आधीच उतरवलेला असतो. साठ जीबी पुन्हा कशाला उतरवायचे, म्हणून स्टीमला तोच फोल्डर दाखवला जातो. ‘प्ले’ दाबले की बटणाचे ‘स्टॉप’ होते आणि दोन सेकंदांनी मुकाट्याने पुन्हा ‘प्ले’. त्रुटीचा संदेश नाही, काही नाही. लेखकाने तीन संध्याकाळी प्रोटॉनच्या आवृत्त्या बदलण्यात घालवल्या. कारण भलतेच होते. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक खोटा ‘सी:’ ड्राइव्ह तयार करतो आणि त्या नावाचा दुवा डिस्कवर ठेवतो. विंडोजच्या नियमाप्रमाणे फाइलच्या नावात अपूर्णविराम चालत नाही, म्हणून एनटीएफएस डिस्कवर इथेच घोटाळा होतो. त्यात विंडोजचे फास्ट स्टार्टअप चालू असेल तर लिनक्सला ती डिस्क नुसती वाचता येते, लिहिता येत नाही. गेम लिनक्सच्या ईएक्सटी-फोर विभाजनावर हलवताच पहिल्या झटक्यात सुरू झाला. नव्याने विभाजन करताना गेमसाठी तिथेच ऐसपैस जागा ठेवावी.

ऑनलाइन स्पर्धेच्या गेमबाबत मात्र युक्ती चालत नाही. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या फसवणूकरोधक प्रणाली 2021 पासून प्रोटॉनवर चालू शकतात, पण परवानगी गेम बनवणाऱ्याने द्यायची असते. ‘फोर्टनाइट’ने ती दिलेली नाही, ‘एपेक्स लेजंड्स’ने दिली आणि 2024 मध्ये काढून घेतली. ‘व्हॅलोरंट’ची प्रणाली विंडोजच्या कर्नलमध्येच बसते, त्यामुळे तिथे दुभाष्याला दारही नाही. मित्रमंडळी यांपैकी काही खेळत असेल तर विंडोज ठेवावे.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. स्टीमवर खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि खेळण्याचा वेळ दोन तासांहून कमी असेल तर पैसे परत मिळतात. हा वेळ गेम उघडा असेपर्यंत मोजला जातो, मग माणूस खेळत असो वा सेटिंगशी झटत असो. म्हणून नोंदी आधी वाचाव्यात, गेम घेतल्यावर तो पूर्ण उतरेपर्यंत थांबावे, आणि पहिला अर्धा तास कथेत न रमता सर्वांत गर्दीच्या दृश्यात तो अडखळतो का ते पाहावे.