मूड चांगला, तर डोकं चालतं?

आधी एक छोटा खेळ. हे शब्द एकदाच वाचा आणि पुढे चला : पलंग, उशी, पांघरूण, जांभई, स्वप्न, घोरणे, डुलकी, अंगाई. नंतर त्यांच्याकडे परत येऊ.

पीएल लागली की हॉस्टेलवर हसणं म्हणजे टाइमपास समजतात. मानसशास्त्र मात्र वेगळं सांगतं.

अमेरिकेत अ‍ॅलिस आयसेन आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना मेणबत्ती, काडेपेटी आणि टाचण्यांचा खोका दिला. मेण खाली न सांडता मेणबत्ती भिंतीवर लावायची, वेळ दहा मिनिटं. युक्ती अशी की खोका रिकामा करून भिंतीला टाचायचा आणि त्यावर मेणबत्ती उभी करायची. आधी एका गटाला विनोदी फिल्म दाखवली होती, दुसऱ्याला गणिताची. (एम-थ्रीवाल्यांनी हसू नये!) पहिल्या गटात ७५ टक्के जणांना उत्तर सापडलं, दुसऱ्यात फक्त २० टक्के. गट छोटे होते, पण फरक मोठा होता.

असं का? डोक्यात शब्द डिक्शनरीसारखे ओळीत नसतात, जाळ्यासारखे एकमेकांना जोडलेले असतात. मूड चांगला असला की मन जवळच्या धाग्यावर न थांबता लांबच्या धाग्यावरही उडी मारतं. सार्नॉफ मेडनिक यांनी १९६२ मध्ये यासाठी एक टेस्ट मांडली. तीन शब्द द्यायचे आणि तिघांना जोडणारा चौथा शोधायचा. मराठीत मी एक बनवलं : चंद्र, भाकरी, कपाळ. सुचलं? 'कोर'! आयसेन यांच्या प्रयोगात अशी कोडीही खुशीतल्या मुलांनी जास्त सोडवली.

आता मेमरी. गॉर्डन बॉवर यांनी १९८१ मध्ये लिहिलं की खुशीत असलेल्या माणसाला बालपणातल्या छान गोष्टी जास्त आठवतात, आणि उदास माणसाला वाईट. हे आपल्यासाठी फार महत्त्वाचं आहे. केटी लागलेला रूममेट म्हणतो, "मला कधीच काही जमलं नाही." तो खोटं बोलत नसतो. त्याचा मूडच तेवढ्या आठवणी वर काढत असतो. तेव्हा लेक्चर देऊ नका. चहाला न्या, हसवा, आणि मग त्याला काय काय जमलंय ते कागदावर लिहून काढा.

पण थांबा. वरच्या यादीत 'झोप' हा शब्द होता का? न बघता सांगा. अशा यादीनंतर पुष्कळ जण 'हो' म्हणतात. नव्हता! जवळचे शब्द मिळून न वाचलेला शब्दही जागा करतात. स्टॉरबेक आणि क्लोर यांना २००५ मध्ये दिसलं की उदास संगीत ऐकलेल्यांच्या अशा चुका कमी होतात. म्हणजे खुशीत मन धागे जोडत जातं, उदास मन प्रत्येक शब्द तपासून घेतं.

थोडक्यात काय, प्रोजेक्टची आयडिया शोधताना आधी खुशाल हसा. पण फॉर्म्युला 'नक्की हाच' वाटला, तरी पेपरला जायच्या आधी एकदा वही उघडून बघा.