उंदरांच्या खोलीतली सर्दी

नवे औषध किंवा लस माणसाला देण्याआधी ती बहुधा पांढऱ्या उंदरांवर तपासतात. हे उंदीर पाळायची जागा म्हणजे अॅनिमल हाऊस. तिथे पिंजरे धुणारे आपले भाऊ आमच्याकडे सर्दीची तक्रार घेऊन येतात. आम्ही आधी एकच विचारतो, सुट्टीच्या दिवशी कमी होते का?

होत असेल तर ती साधी सर्दी नसावी. उंदराच्या मुतात एक प्रथिन असते. भुसा वाळला की ते धुळीबरोबर नाकात जाते. शिंका, डोळ्यांना खाज, अंगावर गांधी, आणि तसेच रेटले तर दमा. नर्सिंगच्या डिप्लोमात आम्हाला हे कुणी शिकवले नव्हते! त्रास बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत सुरू होतो, म्हणून "वर्षभर काही झाले नाही" यावर विसंबू नका.

कापडी मास्क इथे कुचकामी; एन ९५ हवा. भुसा झटकू नका, कोरडा झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. कामाचे कपडे तिथेच धुतले जावेत, घरी आणले तर तीच धूळ लेकरांच्या अंथरुणात. उंदीर चावला तर जखम साबणाने नीट धुवा, वहीत नोंद करायला लावा, धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारा.

१९६०च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्राची समिती आहे. तिच्या सूचनांत उंदरांच्या खोलीचे तापमान लिहिले आहे, तसे कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, गणवेश आणि अंघोळीची सोयही. हे मागायला एकट्याने जाऊ नका. चौघांनी सही करून अर्ज द्या, पोच घ्या.