लॅपटॉपचे ग्राफिक्स कार्ड वारंवार बंद पडते : आधी रोग ओळखा, मग इलाज करा



या पानावर आपण नेहमी बेणे, लागण, खते आणि खोडव्याविषयी बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. गटातून फिरताना अलीकडे बांधावर एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, पोराला ऐंशी-नव्वद हजाराचा लॅपटॉप घेऊन दिलाय. गेमिंगचा आहे म्हणे. चालता चालता पडदा काळा होतो आणि बंद पडतो. दुकानदार म्हणतो कार्ड गेलं. काय करावं?" मी काही संगणकाचा माणूस नाही, शेतकी पदविकाधारक आहे. पण हेच दुखणे माझ्या घरी आले, त्यातून जे शिकलो ते सांगतो.

घरची हकीकत

माझा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. यंत्रांचे आराखडे संगणकावर काढण्यासाठी त्याला ग्राफिक्स कार्डाचा लॅपटॉप लागला. घरच्या उसाच्या बिलात पगारातली भर घालून ९२ हजारांना घेतला. २०२४ च्या दिवाळीत तो सुट्टीला घरी आला आणि लॅपटॉप रोज बंद पडू लागला. वॉरंटी संपून दोन महिने झाले होते. दुरुस्तीवाल्याने दहा मिनिटे पाहून निकाल दिला : बोर्ड बदला, ३८ हजार. मी तिथेच पोराला बोललो, "रात्रंदिवस गेम खेळतोस, म्हणून गेलं." तो गप्प बसला. पुढे कळले की ही माझी मोठी चूक होती. तिच्याकडे शेवटी येतो.

रात्री विचार केला. कुणी येऊन सांगितले की ऊस पिवळा पडलाय, तर मी न पाहता युरिया टाका म्हणतो का? नाही. आधी पाहतो की पिवळेपणा खालच्या जुन्या पानांवर आहे की वरच्या कोवळ्या पानांवर. जुन्या पानांवर असेल तर नत्राची शंका, कोवळ्या पानांवर असेल आणि जमीन चुनखडीची असेल तर लोहाची. रंग एकच, कारणे दोन, इलाज दोन. मग ३८ हजारांचा इलाज न तपासता कसा करायचा?

हे कार्ड म्हणजे काय आणि पडदा काळा का होतो

लॅपटॉपमध्ये हिशेब करणारा मुख्य प्रोसेसर असतो, तसा चित्र काढणारा वेगळा प्रोसेसर असतो, त्याला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. टेबलावरच्या मोठ्या संगणकात ते काढून दुसरे बसवता येते. लॅपटॉपमध्ये बहुधा ते मूळ बोर्डावरच झाळलेले असते. म्हणून कार्ड गेले की बोर्ड बदला असे सांगतात आणि खर्च मोठा येतो.

कार्डाला काम सांगणाऱ्या प्रोग्रॅमला ड्रायव्हर म्हणतात. विंडोज कार्डावर नजर ठेवून असते. कार्डाने साधारण २ सेकंदांत उत्तर दिले नाही, तर ते अडकले असे समजून विंडोज त्याला नव्याने सुरू करते. त्या वेळी पडदा क्षणभर काळा होतो आणि गेम किंवा आराखड्याचा प्रोग्रॅम बंद पडतो. नव्याने सुरू करूनही जमले नाही, तर निळा पडदा येतो आणि त्यावर 'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर' असे लिहिलेले असते.

आपल्या मोटारीच्या स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले असाच असतो. मोटार जास्त अँपिअर घेऊ लागली की रिले पडतो. रिले पडला म्हणजे मोटार जळाली असे नव्हे. पण रिले का पडतो ते न पाहता कुणी त्याचा आकडा वाढवून ठेवला, तर मोटार नक्की जळते. विंडोजचे ते २ सेकंद वाढवून १० करा, असा सल्ला पोरांना कुणीतरी देतेच. तो रिलेचा आकडा वाढवण्यातलाच प्रकार आहे. फार जड काम मुद्दाम चालवणाऱ्याला त्याचा उपयोग असेल, पण त्याने रोग बरा होत नाही.

पहिले काम : वही घाला

आपण प्लॉटची नोंदवही ठेवतो तशी वही मुलाला घालायला लावली. प्रत्येक वेळी बंद पडल्यावर सहा गोष्टी लिहायच्या : तारीख व वेळ, जागा, चार्जर लावलेला होता की नाही, कोणते काम चालू होते, सुरू करून किती वेळ झाला होता, आणि कार्डाचे तापमान. तापमान टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स या पानावर कार्डाच्या नावाखाली दिसते. मिनिटामिनिटाची नोंद हवी असेल तर एचडब्ल्यूइन्फो नावाचा फुकट प्रोग्रॅम ती ठेवतो.

विंडोज स्वतःही वही ठेवते. स्टार्ट बटणावर उजवी क्लिक, मग इव्हेंट व्ह्यूअर, विंडोज लॉग्ज, सिस्टिम. बंद पडल्याच्या वेळेची ओळ शोधा. ४१०१ क्रमांकाची ओळ असेल तर ड्रायव्हर अडकून पुन्हा सुरू झाला. नुसती ४१ क्रमांकाची कर्नल-पॉवरची ओळ असेल तर यंत्र नीट बंद न होता एकदम बंद पडले, एवढेच त्यातून कळते. तिथे उष्णता, वीजपुरवठा, बॅटरी यांकडेही पाहावे लागते.

आमच्या वहीत तीन आठवड्यांत ११ नोंदी झाल्या. ९ घरच्या, २ वसतिगृहातल्या. घरच्या नऊही वेळा लॅपटॉप गादीवर होता आणि त्यांपैकी ७ वेळा तापमान ८६-८७ अंश होते. मी म्हटले, सापडले, उष्णता! पण वसतिगृहातल्या दोन नोंदींत तापमान ७४ आणि ७६ होते. या दोन ओळी सोडून दिल्या असत्या तर निदान चुकले असते. आपल्या अंदाजात न बसणारी नोंद सगळ्यात जास्त जपावी.

तपासण्याचा क्रम

क्रम ठरवताना नियम एकच : जे फुकट आहे आणि परत पहिल्यासारखे करता येते ते आधी, पैशाचे आणि न फिरवता येणारे शेवटी. सुरुवातीला महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे काढून ठेवा. लॅपटॉपला बिटलॉकरचे कुलूप असेल तर त्याची रिकव्हरी चावी कागदावर लिहून घ्या, मधेच मागितली जाऊ शकते.

१) वाढवलेला वेग मूळ जागी आणा. कार्डाचा वेग कारखान्याने ठरवलेल्यापेक्षा वाढवण्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. आफ्टरबर्नरसारख्या प्रोग्रॅमने ते करता येते. प्रत्येक चिपची सहनशक्ती सारखी नसते. शेजाऱ्याच्या लॅपटॉपला सोसले ते आपल्याला सोसेलच असे नाही. सर्व आकडे मूळ स्थितीत आणा. ड्रायव्हर नवा टाकला तरी हा प्रोग्रॅम जागचा हलत नाही, संगणक सुरू होताना वाढीव आकडे पुन्हा लावू शकतो, हे ध्यानात ठेवा.

२) चार्जर आणि प्लग. गेमिंग लॅपटॉपचा चार्जर बऱ्याचदा १८० ते ३३० वॅटपर्यंतचा असतो. त्या जागी ६५ वॅटचा छोटा चार्जर लावणे म्हणजे साडेसातच्या मोटारीला तीनच्या मोटारीची वायर जोडणे. चार्जरवर छापलेले वॅट पाहा. ढिले बोर्ड, डुगडुगणारी पिन टाळून थेट भिंतीतल्या प्लगमधून चालवून पाहा.

३) हवा आणि धूळ. यंत्र टेबलावर, मागची बाजू बोटभर उचलून ठेवा. गादीवर ठेवल्याने खालची जाळी झाकली जाते. आपल्याकडे रस्त्याची धूळ आणि हंगामात पाचट जाळल्याची काजळी घरात येतेच. ती पंख्याच्या पुढच्या बारीक पत्र्यांत नमद्यासारखी बसते. साफ करताना यंत्र बंद, चार्जर काढलेला हवा, आणि हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा, मोकाट फिरू देऊ नये. सफाईनंतरही तापमान उतरत नसेल तर चिपवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळली असेल. ती बदलण्याचे काम जाणकाराकडून करून घ्यावे. बऱ्याच लॅपटॉपचे कार्ड ८७ अंशांच्या आसपास आपला वेग आपणच कमी करते. रोज त्या आकड्याला टेकत असेल तर सफाई लांबवू नका.

४) ड्रायव्हर स्वच्छ काढून पुन्हा टाका. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून आपल्या मॉडेलचा ड्रायव्हर आधी उतरवून ठेवा. इंटरनेट बंद करा, म्हणजे विंडोज मधेच स्वतःचा ड्रायव्हर टाकणार नाही. शिफ्ट कळ दाबून रीस्टार्ट करा, सेफ मोडमध्ये जा, डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर नावाच्या प्रोग्रॅमने जुना ड्रायव्हर काढा आणि मग नवा टाका. दुखणे एखाद्या अपडेटनंतर सुरू झाले असेल, तर त्याच्या आधीची आवृत्ती टाकून पाहा. सगळ्यात नवे तेच चांगले असे नसते, हे बेण्याच्या बाबतीतही आपण अनुभवले आहे.

५) मेमरीची तपासणी. विंडोज मेमरी डायग्नोस्टिक हे साधन विंडोजमध्येच आहे. मेमरीची पट्टी खराब असेल तर दोष कार्डाच्या माथी येतो. पट्टी बदलणे बोर्डापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते.

६) यानंतरच कार्डावर संशय. विंडोज सुरू होण्याआधीच, कंपनीचे चिन्ह येते तेव्हाच पडद्यावर रंगीत ठिपके किंवा रेघा दिसत असतील, तर ड्रायव्हरचा दोष नाही, वस्तूतच बिघाड आहे. बाहेरचा पडदा जोडून पाहा. त्यावरही तसेच दिसले तर लॅपटॉपचा पडदा निर्दोष समजावा.

एका वेळी एकच बदल करा. आज सफाई, ड्रायव्हर, चार्जर तिन्ही केले आणि बरे झाले, तर कशाने झाले ते कधी कळणार नाही. प्रत्येक बदलानंतर वाटही पुरेशी पाहा. दोन दिवसांनी एकदा बंद पडत असेल, तर दोन दिवस नीट चालल्याने काही सिद्ध होत नाही. दोन आठवडे तरी जाऊ द्या.

कार्ड खरोखर जाते का?

जाते. चिप तापते, निवते, पुन्हा तापते. त्या फुगण्या-आकसण्याने खालचे झाळकामाचे बारीक मणी थकून तडकतात. जुलै २००८ मध्ये एनव्हिडिया कंपनीने लॅपटॉपमधल्या काही चिप वेष्टणाच्या कच्च्या साहित्यामुळे बिघडत असल्याचे जाहीर केले आणि दुरुस्ती-बदलीसाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. म्हणजे दोष वापरणाऱ्याचाच असतो असेही नाही. पण अशा चिपला गरम हवेच्या बंदुकीने भाजून 'बरे' करणाऱ्यांपासून सावध राहा. काही दिवस चालते आणि पुन्हा जाते. वॉरंटी चालू असेल तर यंत्र न उघडता, वहीतल्या नोंदींची प्रत जोडून लेखी तक्रार द्या. "कधीकधी बंद पडतो" यापेक्षा तारीखवार अकरा ओळींना वजन असते.

आमचे निदान

आम्ही आधी सफाई केली. जाळीतून चिमूटभर नव्हे, मूठभर निघाले. घरचे तापमान ७७ वर आले. पुढच्या दोन आठवड्यांत लॅपटॉप ३ वेळाच बंद पडला, पण पडला. मग ड्रायव्हर स्वच्छ करून टाकला. तरी एकदा पडला. मी वही घेऊन मुलाजवळ बसलो आणि या वेळी नुसते विचारले, "तुला काय वाटतं?" तो थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, "पप्पा, मी उन्हाळ्यात एक व्हिडिओ बघून कार्डाचा वेग वाढवला होता. ते तसंच आहे."

"मग आधी का नाही बोललास?"

"तुम्ही पहिल्याच दिवशी दुकानात सगळ्यांसमोर गेमवरून बोललात. मग कसं सांगणार?"

वाढीव वेग त्या चिपला सोसत नव्हता. वसतिगृहात टेबलावर तो कधीमधी पडायचा, घरी गादीवर उष्णतेची भर पडून रोज पडायचा. दोन कारणे एकावर एक बसली होती. आकडे मूळ जागी आणले आणि त्यानंतर चार महिने जड काम करूनही वहीत एकही नोंद झाली नाही. खर्च शून्य. आम्ही सगळ्यात शेवटी केले ते खरे पहिल्यांदा करायला हवे होते. ते राहिले माझ्या तोंडामुळे.

मी वीस वर्षे गटात हेच पाहतो आहे. तणनाशकाची मात्रा चुकली की काही शेतकरी सांगत नाहीत, "साहेब ओरडतील" म्हणून. मग मी माती तपासतो, पाणी तपासतो आणि खरे कारण पंपाच्या टाकीत राहते. पिकाचे असो की यंत्राचे, निदान खऱ्या माहितीवर होते, आणि खरी माहिती रागावलेल्या माणसाला कुणी देत नाही.

म्हणून सभासदांना विनंती की बोर्ड बदलण्यापूर्वी दोन आठवडे वही घाला, आणि वही घालताना पोराला शेजारी बसवा. कुणाला नोंदीचा तक्ता हवा असेल तर गट कार्यालयात यावे. माती परीक्षणाचे नमुने आणायचे आहेतच, त्याच फेरीत हेही काम होईल.

आपला,
ऊस विकास अधिकारी