पोट साफ होत नाही म्हणून...

पालममध्ये कुणाही बिडीवाल्याला विचारा, का ओढता? चैन म्हणून ओढतो, असं कुणी सांगणार नाही. ‘सकाळी ओढल्याशिवाय पोट साफ होत नाही’ हे ठरलेलं उत्तर. मीही वर्षानुवर्षं तेच सांगायचो आणि ते अगदीच खोटं नव्हतं. निकोटिननं आतड्याची हालचाल वाढते. रोज त्या धक्क्याला सरावलेलं पोट बिडी बंद केली की रुसून बसतं. म्हणून बिडी सोडायला निघालेल्या माणसाला मी आधी इसबगोल आणि पहाटे तांब्याभर कोमट पाणी सांगतो. बाकीचं नंतर. ज्याचं पोट तुंबलंय, त्याचा निर्धार दुपारपर्यंतही टिकत नाही. दोन-चार आठवड्यांत पोट आपलं आपण वळणावर येतं.

माझी बिडी सुटली ती पायामुळे. बस स्टँडवरून बाजारात चालत निघालो की पोटरीत गोळा यायचा, थांबलं की जायचा. सोयाबीनच्या काढणीनं अंग भरून आलं असेल, असं वाटलं. मग अंगठ्याशेजारचं बोट काळंनिळं पडलं आणि रात्रीचा ठणका झोपू देईना. नांदेडच्या डॉक्टरांनी पावलावरची नाडी चाचपली आणि पहिलाच प्रश्न केला, “रोजचे किती कट्टे?” या आजाराला बर्जर म्हणतात. तो बहुतेक चाळिशी-पंचेचाळिशीच्या आतल्या तंबाखूवाल्यांना होतो. हातापायांच्या बारीक रक्तवाहिन्या सुजतात, त्यांत गुठळ्या होऊन त्या बुजत जातात. तंबाखू चालू ठेवली तर औषधांचा फारसा उपयोग नाही. दिवसाला एकदोन ओढल्या तरी आजार पुढं सरकतो आणि शेवटी बोट कापायची पाळी येते. माझं बोट वाचलं, नख तेवढं वेडंवाकडं आलं.

बिडी लहान, म्हणून अपायही लहान, हा आपल्याकडचा मोठा गैरसमज. तेंदूच्या पानातून हवा खेळत नाही. विझू नये म्हणून बिडी सारखी आणि जोरानं ओढावी लागते, त्यामुळे धूर खोल जातो. धुरातलं निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं आणि दोनेक तासांत रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. मग हात पुन्हा खिशात.

तलफ माणसाला कुठवर नेते, ते मला लेंडी नदीनं आधीच दाखवलं होतं. पावसाळ्यात फळ्याला पाहुण्यांकडं गेलो होतो. रात्रीतून नदीला पूर आला, पुलावरून पाणी वाहायला लागलं आणि पालमचा रस्ता बंद झाला. कट्टा संपला. दुपारी मी गोठ्यामागची भिजलेली थोटकं वेचून चुलीच्या कडेला वाळत घातली. पाहुण्यांची सून भाकरी थापत होती. तिनं एक शब्द न बोलता परात थोडी सरकवली आणि मला जागा करून दिली. लाज वाटली, पण थोटकं वाळेपर्यंतच.

सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट. चिडचिड होते, झोप उडते, हिशेबात लक्ष लागत नाही, भूक वाढते. पुढं तीन-चार आठवड्यांत हे ओसरतं. काहींचा खोकला उलट वाढतो. श्वासनळीतले धुरानं लुळे पडलेले बारीक केस पुन्हा झाडलोट सुरू करतात, म्हणून कफ सुटतो. ‘सोडल्यानं त्रास झाला, पुन्हा धर’ असा सल्ला देणारे नेमके याच वेळी भेटतात. आणखी एक गोष्ट फार कुणी सांगत नाही: चहा निम्म्यावर आणा. बिडीच्या धुरामुळे शरीर चहातलं कॅफिन लवकर निकालात काढत असतं. धूर थांबला की तेवढाच चहा जास्त चढतो, छाती धडधडते, झोप येत नाही आणि बोल मात्र बिडी सोडल्याला लागतो.

शरीराचं हे असं निभतं. खरी चिवट गाठ मनाची. हरभऱ्याला पाणी द्यायची पाळी आली की शेतीची लाईट रात्रीची. थंडीत एकट्यानं दारं धरायची, एक वाफा भरला की बिडी, दुसरा भरला की बिडी. ती सोबतही होती आणि घड्याळही. निकोटिन अंगातून जाऊन महिने झाले, तरी बांधावर पाय पडला की तोंडाला पाणी सुटायचं. तलफ पाच-दहा मिनिटांची असते. तेवढ्यात वाफा बदलायचा, फुटाणे चावायचे, मोबाइलवर कीर्तन लावायचं. मी बॅटरी न्यायचो, काडेपेटी घरीच ठेवायचो. बिडी कुणीही पुढं करतो, काडीसाठी मात्र उठून दुसऱ्याच्या रानात जावं लागतं आणि तेवढ्यात झटका निघून जातो.

बर्जरमुळे मला निकोटिनचा च्युइंगगम चालत नव्हता. मेहुण्यानं तो डॉक्टरांना विचारून घेतला. आधी त्यानं गोळी बडीशेपेसारखी चावली, उचक्या लागल्या आणि औषध खोटं ठरवून मोकळा झाला. तो गम हळू चावून, झिणझिण्या आल्या की गालात धरून ठेवायचा असतो. त्याआधी पंधरा मिनिटं चहा नको.

बिडी सोडून पुडी धरणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते. 2016-17 च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ 3.8 टक्के आणि धूर नसलेली तंबाखू वापरणारे 24.4 टक्के निघाले. गुटख्याला राज्यात 2012 पासून बंदी, तरी चुना-तंबाखू आहेच. बर्जरला तंबाखू कुठल्या वाटेनं आली, याच्याशी देणंघेणं नाही.

बोलावंसं वाटलं तर 1800-11-2356 हा फुकटचा सरकारी नंबर आहे, तो तंबाखूच्या पाकिटावरच छापलेला असतो. मेहुण्यानं लावला होता. दिवाळीत त्याची बिडी पुन्हा सुरू झाली, तेव्हा मी त्याला बोललो नाही. कुठं, कुणाबरोबर, कशावर पेटवली, एवढंच विचारलं. पत्त्याच्या डावात, म्हणाला. सध्या तो डावाला बसत नाही. चौथा गडी पळवला म्हणून त्याचे दोस्त मला शिव्या घालतात.